सरकारी दारूगोळ्याचं काम घ्यायचं तर नगाचा नाही, लॉटचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तुमची एसजी आयर्नची (मॅग्नेशियम घालून मजबूत केलेल्या बिडाची) फौंड्री आहे, जोडीला छोटं मशीन शॉप आहे. आजवर ट्रॅक्टर आणि ट्रकचे पार्ट केलेत. आता एका सरकारी दारूगोळा कारखान्यासाठी मॉर्टरच्या, म्हणजे उखळी तोफेच्या, बाँबच्या रिकाम्या बॉडीची चौकशी आली आहे. किलोमागचा दर ऑटोपेक्षा बरा दिसतो. एक मित्र म्हणतो, सरकारी इन्स्पेक्शनमध्ये निम्मा माल परत येतो. दुसरा म्हणतो, सरकारी काम आहे, सगळं चालून जातं. खरं कुणाचं, दर कसा लावायचा, आणि एवढा पैसा ओतूनही सरकारी दारूगोळा महाग आणि वर सदोष का निघतो, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

माझी नोकरी सरकारी दारूगोळा कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात झाली. निवृत्तीनंतर उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागातल्या फौंड्र्यांना सल्ला देतो. माल तपासणारा आणि माल देणारा, दोघांची अडचण जवळून बघितलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन्ही मित्रांचं म्हणणं चुकीचं आहे. निम्मा माल परत येत नाही. पास झाला तर अख्खा लॉट, म्हणजे एकत्र तपासायला दिलेला सगळा माल, पास होतो, नापास झाला तर अख्खा परत येतो. ऑटोच्या कामात आणि या कामात खरा फरक हाच आहे. दर, गुणवत्ता, सरकारी कारखान्यांचा खर्च, सगळ्याचं मूळ इथंच आहे.

ट्रॅक्टरचा हब तुम्ही दिलात आणि त्यात ब्लो होल (ओतीवात राहिलेली हवेची पोकळी) निघालं, तर ग्राहक तेवढा हब परत करतो आणि डेबिट नोट लावतो. फार तर त्याच्या लाइनवर तुमची दोन माणसं बसवून सॉर्टिंग करून घेतो. बाकीचे हब गाडीला लागतात. बाँबचं तसं करता येत नाही. त्याची शेवटची परीक्षा म्हणजे तो डागून बघणं, आणि तपासला तो संपला. त्यामुळे लॉटमधून थोडे नग उचलायचे, भरायचे, चाचणी मैदानावर डागायचे आणि त्यावरून उरलेल्या सगळ्यांचा निकाल लावायचा, ही पद्धत आहे. इटारसी, खमरिया, बालासोर इथली चाचणी केंद्रं हेच काम करतात.

या नमुन्याच्या गणिताकडे फौंड्रीवाले सहसा बघत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. समजा अट अशी आहे की ८० नग तपासायचे आणि त्यात एकही दोष चालणार नाही. ऐकायला कडक वाटतं. आता लॉटमध्ये शंभरात एक नग खराब आहे असं धरा. उचललेला नग चांगला निघण्याची शक्यता ०.९९. ८० च्या ८० चांगले निघायचे तर ०.९९ ला स्वतःशी ८० वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.४५ च्या आसपास. म्हणजे शंभरात एक बाँब खराब असलेला लॉट दोनापैकी जवळपास एका वेळी या कडक तपासणीतून बिनबोभाट पुढे जातो. शंभरात एकापेक्षा कमी नग खराब आहेत असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायचं असेल तर २९९ नग तपासून एकही दोष निघता कामा नये. हजारात एकाची खात्री हवी असेल तर सुमारे ३,००० नग लागतात. दहा लाखांत एकाची हवी असेल तर ३० लाखांच्या आसपास, म्हणजे लॉटपेक्षाही कितीतरी जास्त.

नमुना तपासणीची ही कोष्टकं आपल्याकडे आयएस २५०० या मानकात आहेत. त्यांची वंशावळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्कराच्या खरेदीपर्यंत जाते, आणि त्यामागे बेल प्रयोगशाळेतल्या डॉज आणि रोमिग यांचं काम आहे. मोठ्या प्रमाणावर दारूगोळा घ्यायचा, तो तपासताना नष्ट होतो, तर किती तपासायचा, हा प्रश्न त्या वेळी रोज पुढे उभा होता. उत्तर तेव्हा जे होतं तेच आजही आहे. नमुना तपासणी वाईट लॉट अडवण्याचा प्रयत्न करते, पण वाईट लॉट चांगला करत नाही. चांगलेपणा भट्टीत, मोल्डमध्ये आणि मशीनवर यायला लागतो. इन्स्पेक्टरच्या शिक्क्यानं तो येत नाही.

म्हणून ‘चालून जातं’ म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगा की कधी कधी खरंच चालून जातं, आणि भीती त्याचीच आहे. ८१ मिमी मॉर्टर पायदळाच्या बटालियनमध्ये असते. नळीच्या तोंडाशी उभा राहून बाँब आत सोडणारा पोरगा सैनिक टाकळीचा असू शकतो, गडहिंग्लजचा असू शकतो. बॉडीची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर बाँब हवेत डळमळतो आणि कमी पल्ल्यावर पडतो. कमी पल्ल्यावर बहुतेक वेळा आपलीच माणसं असतात. आपण कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) नीट बसवला की नाही, याचा परिणाम तिथे दिसतो.

आता शॉपफ्लोअरवर येऊ. जॉबिंग फौंड्रीतली एक सवय या कामात अजिबात चालत नाही. फेटलिंगनंतर (ओतीव साफ केल्यावर) किंवा टर्निंगनंतर बारीक ब्लो होल उघडं पडलं की मेटल पुटी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. पंपाच्या केसिंगला लोक हे करतात आणि बऱ्याचदा खपतं. एका पुरवठादाराच्या लॉटमध्ये मी हे पाहिलेलं आहे. बॉडी बाहेरून सुरेख होती, रंग एकसारखा, मापं सगळी गेजमध्ये. पाण्याच्या दाबावर लावल्यावर मानेजवळच्या आट्यांच्या खाली, घाम फुटावा तसा ओलसर डाग आला. रंग खरवडला तर खाली राखाडी पुटी, आणि पुटीच्या मागे करंगळीच्या नखाएवढी पोकळी. त्याच लॉटमधल्या आणखी बॉड्यांचा रंग काढला, तर तशीच पुटी आणखी काहींत सापडली. लॉट परत गेला. दोष पोकळीचा होताच, पण त्याहून मोठा प्रश्न असा होता की तो लपवला गेला होता. लपवलेला दोष सापडला की उरलेल्या एकाही नगावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे कामगारांना पहिल्या दिवशी सांगा: या जॉबवर पुटी नाही, परवानगीशिवाय वेल्डिंग नाही. मशीन शॉपमध्ये पुटीचा डबा ठेवूच नका.

दुसरी गोष्ट एसजी आयर्नचीच आहे, तुम्हाला ती माहीतही आहे, फक्त इथे तिचं वजन वाढतं. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. लॅडलमधला (ओतायच्या भांड्यातला) धातू थांबला की मॅग्नेशियम उडत जातं, ग्रॅफाइटच्या गोळ्या बिघडायला लागतात, आणि शेवटच्या मोल्डमध्ये गेलेल्या धातूची ताकद पहिल्या मोल्डएवढी राहत नाही. टेस्ट बार (धातूची ताकद तपासायची कांडी) बहुतेक ठिकाणी सोयीनं सुरुवातीला ओततात. मग रिपोर्ट उत्तम येतो आणि शेवटच्या बॉड्या त्या रिपोर्टच्या आडून निघून जातात. या कामाला टेस्ट बार प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या धातूतून घ्या. मायक्रोस्ट्रक्चर शेवटच्या बॉडीचं बघा. ड्रॉइंगमध्ये किंवा क्वालिटी प्लॅनमध्ये तसं लिहिलेलं नसलं तरी घ्या. शेवटचा धातू पास झाला तर आधीच्याबद्दल चिंता उरत नाही.

आता पैशाचा हिशेब. आकडे मी समजावण्यासाठी धरतोय, तुमचे तुम्ही घाला. समजा मशीनिंग झालेल्या बॉडीला तुम्ही १,००० रुपये दर लावलात आणि सगळा खर्च धरून ती तुम्हाला ८०० ला पडते. १,००० नगांचा लॉट. कागदावर नगामागे २०० रुपये सुटतात. ऑटोत एवढं कोण देतं, असं वाटून कोटेशन जातं.

आता लॉट नापास झाला तर काय जातं बघा. ८ लाख रुपये खर्च झालेला माल हातात आहे. तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. बॉडी फोडून पुन्हा भट्टीत टाकली तर नगामागे १०० रुपयांचा धातू परत मिळाला असं धरा. म्हणजे निव्वळ नुकसान ७ लाख. दहात एक लॉट नापास झाला तर हे ७ लाख उरलेल्या नऊ लॉटवर बसतात, म्हणजे नगामागे सुमारे ७८ रुपये. २०० चे राहिले १२२. पाचात एक नापास झाला तर नगामागे १७५ जातात आणि २५ राहतात. चारात एक गेला तर नगामागे २३३ जातात आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून सरकारला बाँब पुरवायला लागता.

यात अजून वाट बघण्याचा खर्च धरलेला नाही. नमुने जाणार, भरले जाणार, मैदानाची तारीख मिळणार, निकाल येणार. लॉट तीन महिने अडकला आणि तुमचं कॅश क्रेडिट १२ टक्क्यांचं असेल, तर ८ लाखांवर २४ हजार व्याज, म्हणजे नगामागे २४ रुपये. वरच्या उदाहरणात पाचात एक लॉट जाणाऱ्या फौंड्रीकडे राहिले २५, त्यातले २४ बँकेनं घेतले. दरात २०० रुपयांचा नफा दिसत होता, प्रत्यक्षात नगामागे एक रुपया हातात आला. कोल्हापुरातल्या चांगल्या फौंड्र्या अशी कामं एकदा करून सोडून देतात त्याचं कारण हेच असतं. त्यांची कास्टिंग खराब नसते, त्यांनी नगाचा दर काढलेला असतो आणि नुकसान मात्र लॉटचं होतं.

मग नुकसान कमी कसं करायचं? माझं ठाम मत असं आहे की यावर सगळ्यात स्वस्त उपाय नवीन मशीन हा नसून हीट नंबर हा आहे. प्रत्येक बॉडीवर हीटचा (भट्टीच्या एका वितळीचा) आणि शक्य असेल तर लॅडलचा नंबर कास्टिंगमध्येच उठवा, आणि तो मशीनिंगनंतरही कार्डावर बॉडीबरोबर चालत राहू द्या. फौंड्रीत याला लोक कागदी कटकट समजतात. पण विचार करा. एका दिवसात एक लॅडल बिघडला आणि त्याच्या ३० बॉड्या १,००० मध्ये मिसळल्या. नमुन्यात त्यातली एक सापडली तर १,००० गेल्या. नंबर असतील, आणि तुमच्या टेस्ट बारनं तो लॅडल आधीच पकडला असेल, तर ३० बॉड्या बाजूला काढून ९७० निर्धास्तपणे पुढे देता येतात. नुकसानीचं माप लॉटवरून लॅडलवर आलं. यासाठी लागतात नंबराचे ठसे, एक रजिस्टर आणि ते इमानदारीनं भरणारा माणूस. लॉट किती नगांचा करायचा हे करारात ठरलेलं असतं, ते तुमच्या हातात नाही. पण लॉटमध्ये कोणता माल घालायचा हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

कोअरचंही तसंच. भिंतीची जाडी चार बाजूंनी मोजून घ्या, अल्ट्रासॉनिक जाडीमापक आता परवडतं. सुरुवातीला सगळ्या बॉड्या मोजा. आकडे स्थिरावले की मगच नमुन्यावर या. आणि वजन रोज आलेखावर टाका. वजन हळूहळू घटायला लागलं तर पॅटर्न (ज्यावरून मोल्ड घडवतात तो नमुना) किंवा कोअर बॉक्स झिजलेला असू शकतो, आणि गेज नापास करण्याच्या कितीतरी आधी ते वजनात दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग: सरकारी कारखान्यांचा माल महाग का, आणि तरी तक्रारी का?

महाग असण्याचं एक कारण रास्त आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. दारूगोळा कारखाना शांततेच्या काळातल्या मागणीसाठी बांधलेला नसतो, युद्धातल्या मागणीसाठी बांधलेला असतो. समजा एखाद्या लाइनचा वर्षाचा स्थिर खर्च १०० कोटी आहे आणि क्षमता १ लाख नगांची. पूर्ण चालली तर नगावर १०,००० रुपये बसतात. मागणी ३० हजारांवर आली तर त्याच नगावर ३३ हजारांहून जास्त बसतात. धातू तोच, कामगार तेच, दारू तीच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात आलं तेव्हा बोटींची किंमत सगळ्यांना कळली. एरवी वर्षभर त्या बोटी नुसत्या उभ्या असतात, आणि फेऱ्या मोजून भाडं काढलं तर कुणालाही डोळे फिरवणारा आकडा येईल. रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळा दाखवला तर देश तो समजून देईल. वर्षानुवर्षं तो नगाच्या किमतीत मिसळून दाखवला गेला, त्यामुळे आळसाचा खर्च कोणता आणि तयारीचा कोणता हे वेगळं करता येईना.

दुसरं कारण मात्र रास्त नाही, आणि ते मी आतून बघितलेलं आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक वस्तूचं एस्टिमेट असायचं: किती धातू, किती तास, आणि किती टक्के माल ‘अटळ’ म्हणून रिजेक्ट होणार. त्याला सगळे यूएआर (अनअव्हॉइडेबल रिजेक्शन) म्हणायचे. एकदा एस्टिमेटमध्ये अमुक टक्के यूएआर लिहिलं की तेवढं रिजेक्शन नुकसान धरलं जात नाही. ते किमतीत बसलेलं असतं. रिजेक्शन त्याच्या आत असेल तर फाइल हलत नाही, कुणी कारण विचारत नाही, भट्टीवरचा फोरमन आणि तपासणीवरचा माणूस दोघंही निवांत. ते वर गेलं की मग चौकशी. याचा परिणाम असा होतो की रिजेक्शन त्या आकड्याच्या जरा खाली येऊन कायमचं बसतं. प्रक्रिया सुधारून ते निम्म्यावर आणलं तर शाबासकी मिळण्याऐवजी पुढच्या एस्टिमेटमधला टक्का कापला जायचा, म्हणून सुधारायला कुणाला फारसा उत्साह नसायचा. माणसं कामचुकार होती असं मी म्हणणार नाही. अतिशय हुशार आणि जीव ओतून काम करणारे कारागीर मी तिथे पाहिलेत. पण मोजण्याची पद्धतच अशी होती की दोष दिसेनासा व्हायचा.

भर म्हणून ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लष्कराला लावलेली किंमत, जी बरीचशी आदल्या खर्चाच्या अंदाजावर ठरायची. खर्च वाढला तर किंमत वाढायची. आणि मार्चअखेर. वर्षाचं लक्ष्य मार्चमध्ये गाठायचं म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत लॉटवर लॉट पुढे ढकलले जायचे. गुणवत्तेच्या माणसाला सगळ्यात जास्त ‘जरा बघा ना साहेब’ याच दिवसांत ऐकायला मिळतं.

या सगळ्याची किंमत सैनिक मोजतो. २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या होत्या. त्यात २०१४ पासूनच्या सहा वर्षांत सुमारे ९६० कोटी रुपयांचा दारूगोळा सदोष निघाल्याचं म्हटलं होतं. हे कारखाने तेव्हा चालवणाऱ्या आयुध निर्माणी बोर्डानं त्याला हरकत घेतली होती. त्या हरकतीत तथ्यही आहे, कारण अपघाताचं कारण कारखान्यातच असतं असं नाही. साठवण, हाताळणी, तोफेच्या नळीची अवस्था, मूळ डिझाइन, काहीही असू शकतं. वर्ध्याजवळ पुलगावच्या डेपोत ३१ मे २०१६ ला झालेल्या स्फोटानंतर साठवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरण्याची चर्चा झाली. तो माल कधीतरी कुठल्यातरी तपासणीतून पास होऊनच तिथे गेलेला होता. म्हणून माझं म्हणणं असतं की पासचा शिक्का ही एका दिवसाची साक्ष आहे. माल त्यानंतर वर्षानुवर्षं उन्हाळे-पावसाळे काढतो.

मग सरकारी कारखाने नकोतच का? मला तसं वाटत नाही, आणि याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांची टंचाई झाली, म्युनिशन्स मंत्रालय निघालं आणि लॉइड जॉर्ज त्याचे पहिले मंत्री झाले. त्यांनी पुढे १९१९ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा असा: १८ पाउंडर तोफेचा गोळा मंत्रालय सुरू झालं तेव्हा २२ शिलिंग ६ पेन्सला पडत होता. खासगी कारखान्यांच्या खर्चाची छाननी सुरू केली, सरकारी राष्ट्रीय कारखाने काढले, आणि तोच गोळा १२ शिलिंगांवर आला. सरकारी कारखान्याचा एक मोठा उपयोग हा आहे. स्वतः बनवून बघितल्याशिवाय खरा खर्च किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पण त्याच ब्रिटनची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. घाईत वाढवलेल्या उत्पादनातले कितीतरी गोळे १९१६ मध्ये सोमच्या लढाईत फुटलेच नाहीत. खर्च कमी करताना तपासणीची यंत्रणा उत्पादनाच्या वेगानं वाढली नाही, तर हेच होतं.

आपल्याकडे केळकर समितीपासून शेकटकर समितीपर्यंत अनेकांनी या कारखान्यांचं कंपनीकरण सुचवलं होतं. शेवटी १ ऑक्टोबर २०२१ पासून बोर्ड जाऊन ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात, आणि तुमच्या कामाच्या जवळची यंत्र इंडिया नागपुरात. अंबाझरी, भुसावळ, अंबरनाथ आणि जबलपूरची ग्रे आयर्न फौंड्री यंत्र इंडियाकडे आहेत. आधीच्या सुमारे ६५ हजार कोटींच्या मागण्या करार म्हणून या कंपन्यांना मिळाल्या. आता प्रत्येक कंपनीचा ताळेबंद असतो, त्यामुळे रिजेक्शन थेट नफ्यातून जातं. २०२४ मध्ये गुणवत्ता हमीच्या केंद्रीय महासंचालनालयाचीही फेररचना झाली. मला ही दिशा योग्य वाटते. पण ताळेबंद आला की आपोआप गुणवत्ता येते, यावर माझा विश्वास नाही. नफ्याचा दबावही मार्चअखेरीसारखाच वागू शकतो, जर तपासणारा माणूस उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली असेल. गुणवत्ता विभागाला लॉट थांबवायचा अधिकार आणि थांबवल्यावर पाठबळ, हे दोन्ही असायला लागतं. तुमच्या फौंड्रीतही हाच नियम लावा. तुमचा क्वालिटीवाला पोरगा लॉट थांबवतो म्हणाला तर डिस्पॅचवाल्यानं त्याला गप्प करता कामा नये.

आणि खासगीकडे गेलं की स्वस्त मिळतं, हाही भाबडा समज आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये संरक्षण मंत्रालयानं नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोसिव्ह्जबरोबर १० लाख मल्टी-मोड हातबाँबचा सुमारे ४०९ कोटींचा करार केला. म्हणजे नगामागे ४,०९० रुपये. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाइनचा जुना ३६ नंबरचा हातबाँब बदलून तो आला. हातात मावणाऱ्या वस्तूला चार हजार रुपये का, तर त्यात धातूचा भाग थोडा, बाकी बराचसा खर्च खात्रीचा असतो. तुमच्या दरातही खात्रीचा खर्च असायलाच हवा, आणि तो मागायला लाजू नका.

आता कोटेशन देण्याआधी काय विचारायचं ते. लॉट किती नगांचा, नमुना किती, आणि क्रिटिकल, मेजर, मायनर दोषांच्या याद्या कोणत्या, हे लेखी घ्या. डागण्याच्या चाचणीत लॉट नापास झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमची बॉडी रिकामी असते. भरणी, फ्यूज, शेपटी, प्रोपेलंट दुसऱ्यांचं. चाचणीत पल्ला कमी पडला तर कारण बॉडी, की आणखी काही, हे कोण ठरवणार? बॉडीची तपासणी आणि स्वीकृती डागण्याच्या आधी वेगळी होते की नाही? होत असेल तर धोका बराच कमी, दर थोडा खाली आणता येतो. होत नसेल तर दुसऱ्याच्या चुकीचा विमासुद्धा तुम्हालाच दरात धरायला लागेल, आणि तेवढा दर मिळत नसेल तर काम सोडा.

गेज कुणाची, हेही विचारा. ग्राहकाची इन्स्पेक्शन गेज आणि तुमची वर्कशॉप गेज यांत फरक निघाला की भांडण सुरू होतं. तुमची गेज झिजेसाठी थोडी जास्त कडक ठेवा आणि कॅलिब्रेशनच्या तारखा पाळा. चौकशी तुमच्याकडे मधल्या पुरवठादाराकडून आली असेल, तर मूळ ड्रॉइंगची चालू आवृत्ती आणि क्वालिटी प्लॅन हातात आल्याशिवाय पॅटर्नला हात लावू नका. बॉडीच्या कामाला परवाना लागतो की नाही, हे तोंडी आश्वासनावर सोडू नका, लेखी घ्या. उशिराचा दंड बहुतेक करारांत आठवड्याला अर्ध्या टक्क्याच्या हिशेबानं असतो. त्यात तपासणीला लागलेला त्यांचा वेळ तुमच्या खात्यावर धरला जाणार नाही, असं कलम मागून घ्या. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेलच. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून स्वीकृती कुठल्या टप्प्यावर धरली जाते, ते वाचा.

दर लावताना मी असं करायला सांगतो. तुमचा खरा खर्च, त्यावर पाचात एक लॉट जाणार असं धरून त्याचा बोजा, तीन महिन्यांचं व्याज, गेज आणि चाचण्यांचा खर्च, आणि त्याच्यावर नफा. पहिल्या वर्षी पाचात एक हे प्रमाण नवख्या फौंड्रीसाठी जास्त नाही. तुमची प्रक्रिया स्थिरावली आणि लॉट सलग पास व्हायला लागले की पुढच्या टेंडरला तोच बोजा कमी करून तुम्ही इतरांपेक्षा खाली येऊ शकता. रिव्हर्स ऑक्शन (दर खाली खाली नेणारी ऑनलाइन बोली) असेल तर खालचा आकडा आधी कागदावर लिहून खिशात ठेवा आणि स्क्रीनवर कितीही चढाओढ लागली तरी त्याच्या खाली जाऊ नका. तिथे शेवटच्या पाच मिनिटांत गेलेले रुपये पुढे पुटीच्या डब्यातून वसूल करायचा मोह होतो.

आणि पहिली ऑर्डर तुमच्या महिन्याच्या वितळक्षमतेच्या दहाव्या भागापेक्षा मोठी घेऊ नका. पायलट लॉट पास होऊन त्याचे पैसे खात्यात येईपर्यंत नवीन सीएनसी बुक करू नका, ऑटोचा एकही गिऱ्हाईक सोडू नका. ड्रॉइंग आलं की भिंतीच्या जाडीचा टॉलरन्स आणि मानेजवळचा सेक्शन आधी बघा. तुमच्या सध्याच्या कोअर बॉक्सच्या पद्धतीनं तो टॉलरन्स सांभाळता येतो का, हे ५० बॉड्या ओतून आणि कापून बघा. ते कापलेले तुकडे दराच्या कुठल्याही चर्चेआधी टेबलावर असू देत.